ॲमट्रॅकच्या प्रमुखाने राजकीय टीकेला उत्तर द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. व्यवस्थापनाच्या अभ्यासासाठी तुम्ही अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची, म्हणजे ॲमट्रॅकची, केस घेतली आहे. मार्च 2025 मध्ये तिचे प्रमुख स्टीफन गार्डनर यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात इलॉन मस्क यांनी या रेल्वेचं खासगीकरण करा असं जाहीरपणे म्हटलं होतं. मागे वळून पाहिलं तर अशी टीका झाली नाही असं एकही दशक तुम्हाला सापडलं नाही. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारता: तोट्यातल्या गाड्या बंद करून हा वाद एकदाचा का मिटवत नाहीत? टीका करणाऱ्या राजकारण्यांना प्रमुखाने उत्तर कसं द्यायचं? आणि त्या खुर्चीत मी असतो तर पहिल्या महिन्यात काय केलं असतं?

मी सुरुवातीला भारतात रेल्वेच्या वाहतूक विभागात होतो आणि नंतर बरीच वर्षं अमेरिकेत प्रवासी रेल्वेच्या नियोजनाचं काम केलं. ॲमट्रॅकच्या नोकरीत मी कधीच नव्हतो. राज्य सरकारांच्या बाजूने तिच्याशी वाटाघाटी करणाऱ्यांत होतो. वेळापत्रक, गाडीचा खर्च कोणी किती उचलायचा, लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांतून आलेल्या पत्रांची उत्तरं, सुनावणीसाठी लागणारे आकडे, हे माझं रोजचं काम. त्यामुळे प्रमुख काय करतो हे मी जवळून पाहिलंय, पण समोरच्या बाजूने. उत्तर वाचताना हे लक्षात ठेवा.

टीका हा मूळ प्रश्न नाहीच. मूळ प्रश्न असा की या संस्थेला जन्मतःच दोन परस्परविरोधी हुकूम मिळाले. 1970 साली खासगी रेल्वे कंपन्या प्रवासी गाड्यांच्या तोट्याने बेजार झाल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने कायदा झाला आणि 1 मे 1971 ला ॲमट्रॅकच्या गाड्या धावू लागल्या. कायद्याने सांगितलं की ही नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे. त्याच कायद्याने तिच्याकडे सोपवला तो धंदा मात्र ज्यात कोणालाच नफा होत नव्हता. पुढे 1978 मध्ये शब्द थोडे सैल केले, कंपनी नफ्यासाठी असल्यासारखी चालवावी असं म्हटलं. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने प्रवाशांच्या गरजेवर भर दिला. पण पन्नास वर्षं प्रत्येक प्रमुखाला एकाच दिवशी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन सभासदांनी दोन प्रश्न विचारले आहेत: ‘तोटा का होतो?’ आणि ‘माझ्या गावची गाडी का कमी केली?’ पुष्कळदा हे दोन्ही प्रश्न एकच सभासद विचारतो.

त्यात मालक किती आहेत ते पाहा. संचालक मंडळाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट तिला मान्यता देतं. वाहतूकमंत्री मंडळावर असतात. प्रमुखाला मंडळ नेमतं आणि मंडळच काढतं. अनुदान काँग्रेस देते, तेही वर्षावर्षाने. 2008 च्या कायद्यानंतर 750 मैलांपेक्षा कमी अंतराच्या बहुतेक गाड्यांचा खर्च राज्यांनी द्यायचा असं ठरलं, ते ऑक्टोबर 2013 पासून लागू झालं. आणि बोस्टन ते वॉशिंग्टनचा ईशान्य कॉरिडॉर सोडला तर रूळ बहुतांशी मालवाहतूक कंपन्यांचे. ज्याला आपण ‘प्रमुख’ म्हणतो त्याच्या हातात भाडी, गाडीतली सेवा, देखभाल आणि स्वतःचा शब्द, एवढंच पक्कं असतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, तोट्यातल्या गाड्या बंद करण्याचा. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एखाद्या लांब पल्ल्याच्या गाडीचा तोटा कागदावर अमुक कोटी डॉलर दिसतो. त्यात इंधन आणि गाडीवरच्या माणसांचा पगार असतो, तो गाडी थांबली की वाचतो. पण त्याच आकड्यात शिकागोच्या युनियन स्टेशनचा वाटा असतो, आरक्षण यंत्रणेचा असतो, इंडियानातल्या बीच ग्रोव्ह कारखान्याचा असतो, मुख्यालयाचा असतो. गाडी बंद केली तर हे खर्च जागेवरच राहतात आणि उरलेल्या गाड्यांच्या डोक्यावर येऊन बसतात. मग त्या गाड्यांचा तोटा वाढलेला दिसतो आणि पुढच्या वर्षी बंद करण्याच्या यादीत त्यांची नावं येतात. शिवाय शिकागोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीतले बरेच प्रवासी पूर्वेकडून दुसऱ्या गाडीने आलेले असतात. एक दुवा तुटला की दुसऱ्या गाडीचं उत्पन्नही जातं.

हा नुसता तर्क नाही. 1995 मध्ये पैसे वाचवण्यासाठी अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या रोजच्या ऐवजी आठवड्यातून तीन-चार दिवस केल्या. अपेक्षित बचत झालीच नाही. डबे आणि माणसं दिवसचे दिवस रिकामी थांबून राहिली, आणि रोज न मिळणारी गाडी लोकांनी सोडून दिली. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, कोविडमुळे प्रवासी नव्हते तेव्हा, बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या पुन्हा आठवड्यातून तीन दिवस केल्या. तेव्हा परिस्थिती खरोखरच वेगळी होती, म्हणून त्या निर्णयाला मी सरसकट दोष देणार नाही. पण 2021 च्या वसंतात काँग्रेसने पैसे दिले तेच या गाड्या पुन्हा रोज चालवा असं बजावून.

आणि राजकारण. ॲमट्रॅक 46 राज्यांत जाते. सिनेटमध्ये मोठ्या राज्याला दोन मतं आणि छोट्यालाही दोनच. बोस्टन ते वॉशिंग्टन या 457 मैलांच्या कॉरिडॉरला अब्जावधी डॉलर लागतात. बाल्टिमोरचा बोगदा 1873 चा आहे, हडसन नदीखालचे बोगदे 1910 चे आणि 2012 च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं. या कामांसाठी मतं मोंटाना, कॅन्सस, मिसिसिपीच्या सिनेटरांकडून यावी लागतात. ते ती का देतील? त्यांच्या गावातून रात्री दोन वाजता का होईना एक गाडी जाते म्हणून. टेक्ससच्या रिपब्लिकन सिनेटर के बेली हचिसन यांची भूमिकाच अशी होती की जाळं राष्ट्रीय असेल तरच पाठिंबा. यात सौदेबाजी आहे हे मी नाकारत नाही. पण लहान गावाची गाडी आणि मोठ्या शहराचा बोगदा एकाच विधेयकात बसवणं हा लोकशाहीतला रास्त व्यवहार आहे असं माझं मत आहे. त्याची लाज वाटून घेणारा प्रमुख टिकत नाही.

याचं उत्तम उदाहरण 2018 चं. प्रमुख होते रिचर्ड अँडरसन, डेल्टा एअरलाइन्समधून आलेले, हिशेबाला पक्के. शिकागो ते लॉस एंजेलिस जाणारी साउथवेस्ट चीफ कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोच्या ज्या पट्ट्यातून जाते, तिथल्या मार्गावर ॲमट्रॅकशिवाय फारशी वाहतूक नाही. त्यामुळे रुळांच्या देखभालीचा आणि सुरक्षा यंत्रणेचा बोजा तिच्यावरच. त्यांनी सुचवलं की मधल्या टप्प्यात प्रवाशांना बसने नेऊ. खर्चाच्या तक्त्यात हे बसत होतं. पण त्या मार्गाच्या दुरुस्तीसाठी गावांनी, राज्यांनी आणि ॲमट्रॅकने मिळून निधीची जमवाजमव आधीच सुरू केलेली होती. ज्यांनी वर्गणी काढली त्यांनाच गाडी तोडणार असं कळलं. कॅन्ससचे रिपब्लिकन जेरी मोरन आणि न्यू मेक्सिकोचे डेमोक्रॅट टॉम उडाल एकत्र उभे राहिले. सिनेटने गाडी अखंड ठेवण्याची दुरुस्ती 95 विरुद्ध 4 मतांनी मंजूर केली आणि पुढे या गाडीसाठी 5 कोटी डॉलर वेगळे काढले. इतकी एकजूट वॉशिंग्टनमध्ये क्वचितच दिसते.

अँडरसन यांचा आकडा चुकला नव्हता, क्रम चुकला. आधी त्या सिनेटरांना भेटून ‘हा खर्च मला एकट्याला झेपत नाही, तुम्ही काय द्याल?’ असं विचारलं असतं तर बहुधा तेच 5 कोटी भांडण न होता मिळाले असते.

दुसरा प्रश्न, उत्तर कसं द्यायचं. माझ्या अनुभवात एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे: नफ्याची तारीख कधीही कबूल करू नये.

1997 चा कायदा आठवा. काँग्रेसने पैसे दिले आणि अट घातली की डिसेंबर 2002 पर्यंत चालू खर्चासाठी अनुदान लागता कामा नये. तेव्हाचे प्रमुख जॉर्ज वॉरिंग्टन यांनी आपण त्या वाटेवर आहोत असं सांगत राहणं पसंत केलं. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर मोह समजतो. ‘जमणार नाही’ म्हटलं असतं तर बहुधा त्याच दिवशी अनुदान थांबलं असतं. पण शब्द पाळल्याचं दाखवायचं म्हणून देखभाल पुढे ढकलली गेली, कर्ज वाढलं, आणि 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनचा काही भाग गहाण टाकून सुमारे 30 कोटी डॉलर उभे केले. चालू खर्च भागवायला घर गहाण टाकल्यासारखंच ते होतं. 2002 उजाडलं तेव्हा पैसा संपत आला होता आणि विश्वास त्याआधीच संपला होता.

मे 2002 मध्ये डेव्हिड गन आले. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि टोरांटोच्या शहरी वाहतुकीत आयुष्य काढलेला माणूस. जूनमध्ये त्यांनी उघड सांगितलं की पैसे मिळाले नाहीत तर काही आठवड्यांत गाड्या थांबतील. कॉरिडॉरच्या रुळांवरून आणि विजेवर रोज लाखो लोकांच्या उपनगरी गाड्याही चालतात, त्यामुळे ते फक्त ॲमट्रॅकचं दुखणं राहिलं नसतं. सरकारने 10 कोटींचं कर्ज दिलं, काँग्रेसने 20.5 कोटींची भर घातली. गन यांनी वरची पदं मोठ्या प्रमाणावर कमी केली, हिशेब वेळेवर बंद होऊ लागले आणि स्वयंपूर्णतेची भाषा त्यांनी सोडून दिली. प्रवासी रेल्वे भांडवली खर्चासकट नफ्यात येणार नाही, हे ते समितीसमोर सरळ बोलत. विरोधकांना ते आवडत नसे. पण त्यांनी दिलेला आकडा पुढच्या वर्षी तसाच निघतो हे सगळ्यांना कळत गेलं, आणि या धंद्यात प्रमुखाची तीच खरी पुंजी असते.

आकड्यांबद्दल एक तांत्रिक गोष्ट, तुमच्या केससाठी महत्त्वाची. ॲमट्रॅक जो ‘समायोजित परिचालन तोटा’ सांगते त्यात घसारा, म्हणजे गाड्या आणि रुळांच्या झिजेचा खर्च, नसतो. 2019 च्या आर्थिक वर्षात तो जेमतेम 3 कोटी डॉलर होता, म्हणजे जवळजवळ बरोबरी. कोविडनंतर चित्र पार बदललं: 2024 मध्ये 3.28 कोटी प्रवासी, तोवरचा विक्रम, पण हा तोटा सुमारे 70 कोटी. घसारा धरला तर दोन्ही वर्षांचे आकडे कितीतरी मोठे. समर्थक घसाऱ्याशिवायचा आकडा फेकतात, विरोधक घसाऱ्यासकटचा. प्रमुखाने दोन्ही आकडे एकाच पानावर, दरवर्षी त्याच व्याख्येने, स्वतःहून द्यावेत. आम्ही राज्यांच्या बाजूने बसायचो तेव्हा समोरच्याने व्याख्या बदलली की त्याच्या बाकी सगळ्या तक्त्यांवरचा आमचा विश्वास उडायचा. सिनेटरचा मदतनीसही माणूसच आहे, तोही तसाच विचार करतो.

आता टीकेतल्या छोट्या आकड्यांचं काय? 2012 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या वाहतूक समितीचे अध्यक्ष जॉन माइका यांनी खानपान सेवेच्या तोट्यावर सुनावणी घेतली. साडेनऊ डॉलरला विकलेल्या चीजबर्गरचा खर्च सोळा डॉलरच्या वर जातो, हे त्या दिवशी देशभर गाजलं. असा आकडा कोणालाही कळतो, म्हणून तो घातक असतो. त्यावर ‘आमच्या एकूण खर्चात हे किरकोळ आहे’ असं म्हणणं सगळ्यात वाईट. बर्गरच्या खर्चातला मोठा भाग पाव आणि मांसाचा नसतो, दोन रात्रींच्या प्रवासात गाडीवर राहणाऱ्या माणसांच्या पगाराचा असतो, आणि दोन दिवसांच्या गाडीत जेवणच नसेल तर शयनयानाचं महाग तिकीट कोणी काढत नाही. हे समजावून सांगायचं, आणि त्याच दमात साठ्याच्या नोंदी, नासाडी, चोरी यावर काय केलं तेही सांगायचं. दुसरा भाग नसेल तर पहिला कोणी ऐकत नाही.

या बर्गरची पुढची कथा बोधक आहे. 2015 च्या कायद्याने खानपानाचा तोटा पाच वर्षांत शून्यावर आणायला सांगितलं. त्या रेट्याखाली पूर्वेकडच्या रात्रीच्या गाड्यांत ताजं जेवण जाऊन डबाबंद आलं, प्रवासी चिडले, त्यांनी आपापल्या प्रतिनिधींना पत्रं लिहिली, आणि 2021 च्या कायद्याने ती अटच काढून टाकली. म्हणजे काँग्रेसने मागितलं ते दिल्याबद्दल काँग्रेसकडूनच बोलणी खावी लागली. म्हणून अशी अट आली की तिच्यामुळे काय बंद होईल, कोणत्या गाडीवर, कोणत्या तारखेपासून, हे आधीच लेखी कळवून ठेवावं. त्यात आव्हान नसावं, फक्त माहिती असावी.

उशिराबद्दलची टीका वेगळ्या जातीची. भारतात कंट्रोल रूममध्ये असताना मेल गाडी मागून आली की आम्ही मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकायचो, कारण रूळ, मालगाडी, मेल, सगळं एकाच घरचं. अमेरिकेत हा निर्णय मालवाहतूक कंपनीचा माणूस घेतो. कायदा 1973 पासून प्रवासी गाडीला प्राधान्य देतो, पण आता काही मालगाड्या दोन-तीन मैल लांब असतात, त्या लूपमध्ये मावतच नाहीत. मग लूपला उभी राहते ती प्रवासी गाडी, आणि शिव्या मिळतात ॲमट्रॅकला. प्राधान्य मोडलं म्हणून न्यायालयात जाण्याचा अधिकार केंद्राच्या न्याय खात्याला आहे. त्याने तो फार क्वचित वापरला: 1979 मध्ये सनसेट लिमिटेड या गाडीसाठी सदर्न पॅसिफिक कंपनीविरुद्ध, आणि थेट 2024 मध्ये क्रेसेंट या गाडीसाठी नॉरफोक सदर्न कंपनीविरुद्ध.

इथे प्रमुखाने दुसऱ्याकडे बोट दाखवावं का? दाखवावं, पण स्वतःचा वाटा आधी कबूल करून. उशिराची मिनिटं कारणवार मोडून मांडायची: एवढी मालगाड्यांमुळे, एवढी वेगमर्यादेमुळे, एवढी आमच्या इंजिनामुळे. 2020 च्या केंद्रीय नियमाने प्रवाशांच्या वेळेवर पोहोचण्याला 80 टक्क्यांचं मानक ठरवलं, त्यामुळे आता सगळ्यांना एकच मोजपट्टी आहे. माझ्या कामात मी पाहिलंय की ‘आमचं इंजिन बंद पडलं’ हे पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याची दुसरी ओळ लोक गंभीरपणे वाचतात.

इथवरचं दोन ओळींत: गाड्या तोडून तोटा फारसा जात नाही आणि मतं जातात, नफ्याची तारीख कबूल केली की विश्वास जातो, आणि प्रत्येक टीकेतला खरा भाग आधी मान्य करावा. यापुढचं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे.

पहिली परिस्थिती अपघाताची. 12 मे 2015 च्या रात्री फिलाडेल्फियात 50 मैलांची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी 106 मैल वेगाने गेली आणि आठ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाच्या समितीत अनुदान वाढवण्याची दुरुस्ती फेटाळली गेली आणि त्यावरून खडाजंगी झाली. तेव्हाचे प्रमुख जोसेफ बोर्डमन यांना जबाबदारी घेणं भाग होतं आणि त्यांनी ती घेतली. वेग आपोआप रोखणारी यंत्रणा वर्षअखेरपर्यंत कॉरिडॉरवर बसवू असं सांगितलं आणि ॲमट्रॅकच्या मालकीच्या रुळांवर ती बसवली. अशा आठवड्यात निधीचं गाऱ्हाणं प्रमुखाच्या तोंडून येऊ नये. ते इतरांनी मांडायचं असतं.

दुसरी, मंडळ पाठीशी आहे की नाही. बुश सरकारने 2006 साठी ॲमट्रॅकला शून्य निधी सुचवला. काँग्रेसने तरी सुमारे 1.3 अब्ज डॉलर दिले, म्हणजे लढाई गन जिंकले होते. पण मंडळाला ईशान्य कॉरिडॉर वेगळ्या उपकंपनीत काढायचा होता, गन यांचा विरोध होता, आणि नोव्हेंबर 2005 मध्ये मंडळाने त्यांना काढलं. खासगीकरणाच्या आजच्या चर्चेचं मूळही तिथेच आहे: कॉरिडॉरवर चालू खर्च वजा जाता शिल्लक उरते म्हणून त्यावर डोळा, पण 1873 आणि 1910 चे बोगदे कोणाच्या खात्यावर जाणार याचं उत्तर कोणी देत नाही. गन यांनी तिथे नमतं घेतलं नाही ते योग्य केलं असं मी मानतो. कारण संस्था एकदा चिरली की पुन्हा जोडता येत नाही, प्रमुख मात्र दुसरा मिळतो.

गार्डनर यांची गोष्ट मला वेगळी वाटते. राष्ट्राध्यक्षांच्या सरकारचा ॲमट्रॅकवर पूर्ण विश्वास राहावा म्हणून पायउतार होतो, असं त्यांनी सांगितलं. व्हाइट हाउसलाच तुम्ही नको असाल, आणि मंडळ, अनुदान, मोठ्या प्रकल्पांचे करार सगळं तिथून जात असेल, तर चिकटून राहण्याची किंमत संस्था मोजते. त्यांच्या खाली रॉजर हॅरिस अध्यक्ष होतेच, त्यांनी कारभार हाती घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये नवी अॅसेला ही कॉरिडॉरवरची वेगवान गाडी धावू लागली, आणि न्यू ऑर्लिन्स ते मोबिल ही गाडीही.

ही दुसरी गाडी तुम्ही केसमध्ये जरूर घ्या. 2005 च्या कतरिना वादळानंतर त्या किनाऱ्यावरची सेवा बंद पडली. ती परत आणण्यासाठी मिसिसिपीचे रिपब्लिकन सिनेटर रॉजर विकर वर्षानुवर्षं मागे लागले होते. मालवाहतूक कंपन्यांशी भांडण केंद्रीय नियामकापर्यंत गेलं, 2022 च्या अखेरीला तडजोड झाली आणि 18 ऑगस्ट 2025 ला दिवसाला दोन फेऱ्या सुरू झाल्या. गल्फपोर्ट, बिलॉक्सी अशा गावांत, जिथे वॉशिंग्टनच्या खर्चाबद्दल फार प्रेम नाही. मंत्री बदलोत, प्रमुख बदलोत, अशा गाडीला पक्ष नसतो.

आता तिसरा प्रश्न, पहिल्या महिन्याचा. सर्वांत आधी रोख किती आठवडे पुरेल हे स्वतः तपासलं असतं, खाली सही करणाऱ्यावर न सोडता. मग बीच ग्रोव्हला जाऊन डबे कशाची वाट पाहत उभे आहेत हे कामगारांना विचारलं असतं, कारण सुटे भाग येत नसतील तर वेळापत्रकाच्या कोणत्याही आश्वासनाला अर्थ नाही. एक रात्र लांब पल्ल्याच्या गाडीत बसून काढली असती. मंडळाला पत्र लिहून कळवलं असतं की चालू खर्चाची बरोबरी अमुक साली होईल असं मी कुठल्याही कागदावर लिहिणार नाही, हे मान्य नसेल तर आत्ताच सांगा.

आणि सगळ्यात कडवट बोलणाऱ्या सभासदांना सुनावणीआधी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक नदीवरच्या पोर्टल पुलावर नेलं असतं. 1910 चा फिरता पूल. बोट जाण्यासाठी उघडला की कधीकधी परत नीट बसत नसे, मग कामगार घण घेऊन रूळ ठोकून जागेवर आणत, आणि तोवर देशातल्या सगळ्यात गर्दीच्या मार्गावरच्या गाड्या मागे खोळंबत. शेजारी नव्या पुलाचं काम 2022 मध्ये सुरू झालं. तो घण एकदा हातात घेतलेला सभासद अनुदानाच्या बाजूने मत देईलच असं नाही. पण सुनावणीत तो बर्गरच्या आधी पुलाबद्दल विचारतो, हे मी एकदा दुसऱ्या एका पुलाच्या बाबतीत होताना पाहिलंय.